'फू' म्हणजे केरसुणीवाली बाई?

अक्षरवेडी: सकाळी इथे कोणीतरी ठोकून दिलंय: 'चिनी लिपीत विवाहितेसाठीचा "फू" म्हणजे डावीकडे बाई, उजवीकडे केरसुणी. लिपीनेच बाईला केर काढायला लावला.' ही व्युत्पत्ती चिनी कोशकार शू शेनच्या कोशातली, इ.स. १०० च्या सुमाराची. चीनच्या शांग राजवटीतले हाडांवर कोरलेले लेख त्याच्या तेराशे वर्षं आधीचे, आणि तिथे बऱ्याचदा 'बाई' हे अंग नसतंच. नुसती केरसुणी कोरायची आणि 'फू' वाचायचं. राजा वू डिंगची राणी फू हाओ हिचं नाव तसंच येतं. एका लेखात तिच्या मोहिमेसाठी १३,००० माणसं जमवल्याची नोंद आहे. १९७६ मध्ये चीनमधल्या आन्यांगला तिचं थडगं सापडलं, त्यात ९ किलोची ब्राँझची कुऱ्हाड होती.

उलटतपासणी: राणी लढली म्हणून चिन्ह सोवळं होत नाही. इतक्या वस्तू असताना केरसुणीच का?

अक्षरवेडी: आवाजासाठी! केरसुणीचं चित्र अर्थासाठी नाही, उच्चार दाखवायला घेतलंय. आजचे 'झोउ' (केरसुणी) आणि 'फू' जुळत नाहीत, म्हणून लोक चित्राकडे धावतात. भाषाशास्त्रज्ञ बॅक्स्टर आणि सगार यांनी मांडलेल्या प्राचीन उच्चारांत दोन्हींत ओष्ठ्य (प, ब, म सारखं ओठांनी उच्चारायचं) व्यंजन आहे, शेवटही सारखा.

सहारेघा: खरा घात चीनमधल्या १९५६ च्या लिपी-सरलीकरणाने केला. ११ रेघांच्या ६ झाल्या, केरसुणीचा फक्त वरचा तुकडा उरला. आता त्यालाच 'आडवा पाडलेला डोंगर' म्हणतात आणि बाईने डोंगर उलथवला असं सांगतात. तैवान-हाँगकाँगमध्ये अख्खं अक्षर टिकलंय, तिथे ही भाकडकथा रचताच येत नाही.

उलटतपासणी: रेघा मोजायचा धागा वेगळा काढा! पाठांतराला सोपं असेल तर ६ रेघाच बऱ्या.

सहारेघा: सोपं करताना अक्षराचा पुरावाच पुसला, हे तुम्हाला चालतं?

उलटतपासणी: मूळ मुद्दा अर्थाचा आहे. शू शेन 'फू'चा अर्थ त्याच आवाजाच्या दुसऱ्या शब्दाने देतो: सेवा करणे, अधीन असणे. तेच शतकानुशतकं शिकवलं गेलं. पूर्वी 'फू' लग्न झालेली, 'न्यू' न झालेली. दोन्ही जोडून 'फून्यू', सगळ्या स्त्रिया. १९४९ च्या चिनी महिला महासंघाच्या नावात हाच शब्द आहे. तरीही ८ मार्चला, महिला दिनी, तरुण मुलींना तो नकोसा वाटतो, कारण त्याला वय आणि संसार चिकटलाय. दुकानदार मग 'देवी दिन' म्हणून माल विकतात.

अक्षरवेडी: सारख्या आवाजाच्या शब्दाने अर्थ सांगणं ही हान काळातली, म्हणजे शू शेनच्याच काळातली, रीत होती. त्याला व्युत्पत्ती म्हणू नका.

उलटतपासणी: उच्चाराचं मान्य, नाइलाजाने. शिकवणुकीचं एक अक्षर मागे घेणार नाही.