बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी मृत्युपत्र : थेट वाटा, मुलीच्या नावे की ट्रस्ट? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ६८ असून मी केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. थोरली मुलगी विवाहित आहे. धाकट्या, ३५ वर्षांच्या मुलाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो स्वतःचे आवरतो, ओळखीच्या रस्त्याने एकटा फिरून येतो. परंतु पैशाचा व्यवहार त्याला समजत नाही आणि कोणी गोड बोलून कागद पुढे केला तर तो आनंदाने सही करील. मृत्युपत्र करायचे हे आम्हा दोघांचे ठरले आहे. अडले आहे ते मुलाचा वाटा कोणाच्या हाती आणि कोणत्या स्वरूपात ठेवावा, येथे.

मृत्युपत्र केलेच नाही तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे माझ्या पश्चात पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा मिळेल. आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही, हे याच कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे. मात्र हक्क मिळाला तरी तो वापरायचा कसा? घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे झाले तर लागणारी संमती मुलगा देऊ शकणार नाही, आणि त्याच्यामुळे बहिणीचेही हात बांधले जातील.

जवळचे लोक सांगतात की सगळे मुलीच्या नावे करा, ती भावाला अंतर देणार नाही. तिच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती परिस्थितीबद्दल. मालमत्ता एकदा तिची झाली की ती तिच्या कर्जालाही बांधील होते, आणि दुर्दैवाने ती भावाच्या आधी गेली व तिने मृत्युपत्र केलेले नसले तर सर्व काही तिच्या पतीकडे आणि मुलांकडे जाईल. त्यांनी मामाला सांभाळावे ही अपेक्षा झाली, तो त्याचा हक्क नव्हे.

म्हणून मृत्युपत्रातूनच त्याच्यासाठी ट्रस्ट करावा, घर आणि ठेवी विश्वस्तांच्या ताब्यात द्याव्यात, त्याच्या हयातीत उत्पन्न त्याच्यावर खर्च व्हावे आणि त्याच्यानंतर उरेल ते मुलीच्या कुटुंबाला मिळावे, असा माझा विचार आहे. मुलगीच एकमेव विश्वस्त असली तर चालेल का? आणि त्याचा पालक म्हणून तिचे नाव मृत्युपत्रात लिहिले तर ते पुरेसे होईल का? ज्यांनी स्वतःच्या घरात अशी व्यवस्था केली आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पालक तेथेच निर्धास्त राहतात. मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलासाठी. आपला मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे मृत्युपत्रातील नाव ही फक्त इच्छा ठरेल. एवढेच नव्हे, तर त्याच्या अठराव्या वर्षानंतर आपण स्वतःही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहिलेले नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. त्याखालील स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि जिल्हाधिकारी या समितीवर असतात. नेमणूक झाल्यावर पालकाने सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. हे काम आपल्या हयातीतच उरकावे.

मुलगी एकमेव विश्वस्त नसावी. मुलावर कमी खर्च झाला तर नंतर तिच्याच घरी जास्त उरणार आहे. ती कितीही निर्मळ असली तरी हा पेच तिच्या माथी मारू नये. ज्याला या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही असा दुसरा विश्वस्त असावा, आणि दोघांपैकी एक नसल्यास पुढे कोण, हेही लिहून ठेवावे.

मृत्युपत्रातून निर्माण होणारा ट्रस्ट आपल्या पश्चातच सुरू होतो, आणि एक्झिक्युटरचे (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचे) काम पूर्ण होईपर्यंत मुलाचा खर्च कोठून भागवायचा हा प्रश्न उरतो. आम्ही माझ्या बहिणीसाठी नोंदणीकृत ट्रस्ट आधीच केला, त्यात बेताची रक्कम ठेवली आणि आई-वडिलांच्या मृत्युपत्रांत उरलेली मालमत्ता त्याच ट्रस्टला दिली. घर मात्र हयातीत ट्रस्टच्या नावे करण्याची घाई करू नये. मुद्रांक शुल्क भरावे लागेल आणि स्वतःच्या छपरावरचा ताबा सुटेल, तो भुर्दंड वेगळाच. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे असेल तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते, त्यामुळे दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. बँकेत मुलीचे नामनिर्देशन असले तरी त्यामुळे ती त्या पैशाची मालक ठरत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

साक्षीदार दोन हवेत आणि त्यांनी आपल्यासमोर सही करायला हवी. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरीही आपल्या बाबतीत ती करावीच असे माझे मत आहे. आपण केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक असल्यामुळे, उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला मिळणाऱ्या आजीवन कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याचे नाव व अपंगत्वाचे प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवले आहे का, तेही पाहावे. त्याची औषधे, सवयी आणि तो कशाने घाबरतो हे मृत्युपत्रात न घालता वेगळ्या पत्रात लिहावे. ते वेळोवेळी बदलता येते.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पालकत्वाचा अर्ज आधी करतो. दुसऱ्या विश्वस्ताचा प्रश्न मात्र सुटत नाही, कारण ज्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे ते सर्व माझ्याच वयाचे आहेत. मानधन देऊन चार्टर्ड अकाउंटंट किंवा वकील यांना विश्वस्त नेमण्याचा कोणाला अनुभव असल्यास, मानधन आणि त्यांना दूर करण्याची तरतूद दस्तऐवजात कशी लिहिली हे कळवावे.