मदत हवी आहे : ‘इंग्लिश युनिट्स’ला मराठीत काय म्हणावं?

पंप आणि पाइपलाइनवरच्या एका अमेरिकी पुस्तिकेचं मराठी भाषांतर करते आहे. वाचक आयटीआयची मुलं. मूळ मजकुरात फूट, पौंड, गॅलन या सगळ्यांना सरसकट ‘इंग्लिश युनिट्स’ म्हटलंय.

आधी मी बिनधास्त ‘ब्रिटिश मापं’ लिहून टाकलं. मग एका तक्त्यात दिसलं : एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. ब्रिटिश इम्पिरियल गॅलनभर पाण्याचं वजन १० पौंड भरतं! म्हणजे हा अमेरिकी गॅलन, ३.७८५ लिटरचा, इम्पिरियल ४.५४६ लिटरचा. ब्रिटनने १८२४च्या कायद्याने इम्पिरियल मापं ठरवली, अमेरिका त्याआधीच वेगळी झाली होती आणि तिने वाइन मोजायचा जुना ‘वाइन गॅलन’च ठेवला. त्यामुळे ‘ब्रिटिश’ किंवा ‘इम्पिरियल’ लिहिलं तर मुलांचा हिशेब जवळजवळ २० टक्क्यांनी चुकेल, आणि ते मला अजिबात नकोय.

‘एफपीएस (फूट-पौंड-सेकंद) पद्धत’ वापरून पाहिलं. फूट-पौंडापुरतं चालतं, पण गॅलन त्यात बसत नाही. ‘आंग्ल मापे’ मुलांना कळणार नाही. सगळं मेट्रिकमध्ये बदलायची परवानगी नाही. पंपावरच्या पाट्या गॅलनमध्येच आहेत. प्रत्येक पानावर तळटीपही देता येणार नाही, एकदाच सुरुवातीला देता येईल.

तांत्रिक मराठीत या अमेरिकी मापांसाठी रुळलेला, ‘इम्पिरियल’पासून वेगळा ओळखू येणारा शब्द आहे का? नसेल, तर ‘अमेरिकी रूढ मापे’ असं लिहिलेलं तुम्हाला वाचताना खटकेल का?