८०७च्या जुन्या ट्रान्समीटरमधला ५आर४ काढून डायोड टाकावेत का?

गरम_फिलामेंट
काकांनी घरी बांधलेला ए.एम. ट्रान्समीटर माझ्याकडे आलाय. फायनलला (शेवटच्या टप्प्यात) दोन ८०७ व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ५आर४जीवाय, ट्रान्सफॉर्मर ६००-०-६००, पुढे चोक (डीसी सपाट करणारी कॉइल), मग ४५० व्होल्टचे दोन कंडेन्सर सिरीजमध्ये. ज्याला दाखवावं तो एकच सांगतो, "व्हॉल्व्ह काढ, १एन४००७ डायोड ठोक." मला हे पटत नाही. ५आर४ पूर्ण लोडला साठेक व्होल्ट स्वतः खातो. डायोड आले की ते साठ व्होल्ट ८०७च्या डोक्यावर (प्लेट कॅप खरंच डोक्यावर असते, तीही उघडी!). शिवाय व्हॉल्व्हमुळे एचटी (प्लेटला जाणारा हाय व्होल्टेज) हळूहळू चढते, जुने कंडेन्सर सांभाळले जातात. इतकी वर्षं चाललंय त्यात हात कशाला घालायचा?

सोल्डरगन
हळूहळू? ५आर४ डायरेक्ट हीटेड आहे राव, दोन-चार सेकंदांत एचटी हजर. ८०७चा हीटर तापायला त्याहून कितीतरी वेळ घेतो, तोवर ती काही ओढत नाही. हीटर आणि एचटीचे स्विच वेगळे करा, विषय संपला. ए.एम.ला थांबून-थांबून वापरात ८०७ला ६०० व्होल्ट चालतात. ४८०चे ५४० झाले तर काय बिघडलं? उलट फिलामेंटचे १० वॉट वाचून ट्रान्सफॉर्मर गार राहील.

चोक_इनपुट
भांडण भलत्याच जागी चाललंय. ८०७ काही ओढत नसते तेव्हा लोड कोण? फक्त ब्लीडर, म्हणजे कंडेन्सरवर कायम जोडलेला रेझिस्टर. तो मोजलात का? चोकला किमान करंट मिळाला तर ६००चे ५४० होतात. ब्लीडर ओपन झाला (आतून तुटला) की चोक नावापुरता, कंडेन्सर थेट शिखरापर्यंत भरतात: ६०० गुणिले १.४१४, म्हणजे ८४८. हे झालं लाइन २३० व्होल्ट असताना. आमच्या गावात शेतीपंप बंद झाले की लाइन २५०ला जाते, मग ९२२. तुमचे दोन कंडेन्सर मिळून ९००चे.

गरम_फिलामेंट
मोजला. ५० के (किलोओहम) लिहिलंय, मीटर अनंत दाखवतोय. 😬 नवा ५० के टाकू?

चोक_इनपुट
तोही अपुरा. ठोकताळा असा: व्होल्ट भागिले हेन्री, उत्तर मिलिअँपिअरमध्ये. चोक १० हेन्रीचा असेल तर ५४ मिलिअँपिअर हवेत, म्हणजे १० के. त्यात २९ वॉट जळतात, तेव्हा ५० वॉटचा वायरवाउंड घ्या, कंडेन्सरपासून लांब बसवा.

सोल्डरगन
तीस वॉटची शेगडी पेटवायची आणि वर व्हॉल्व्हही ठेवायचा! बरं, ब्लीडर मान्य. आधी स्क्रूड्रायव्हर चेसिसला टेकवून कंडेन्सर रिकामे करा, मी कायम तेच करतो.

चोक_इनपुट
कायम करता म्हणून बरोबर ठरत नाही. ठिणगीने टोक वितळतं, कंडेन्सरच्या आतल्या जोडण्यांना दणका बसतो तो निराळाच. आणि सिरीजमधले दोन कंडेन्सर असमान भरलेले असतील तर वरून खाली शॉर्ट करूनही दोघांवर चार्ज उरतो, एकावर सुलटा, दुसऱ्यावर उलटा. मीटर टोकाटोकाला शून्य दाखवतो आणि मधल्या जोडाला बोट लागलं की झटका. पीव्हीसी पाइपच्या टोकाला १० केचा जाड रेझिस्टर लावा, प्रत्येक कंडेन्सर वेगळा उतरवा, दुसरा हात खिशात. दोघांवर समान रेझिस्टर आहेत का तेही बघा.

डायोड टाकायचेच तर एका बाजूला एकच ४००७ नको. उलट्या दिशेने १,७०० व्होल्ट येतात, तो १,०००चा. तीन-तीन सिरीजमध्ये टाका. आणि ५आर४ मिळत नाही म्हणून ५यू४ खोचू नका, त्याची मर्यादा १,५५०.

गरम_फिलामेंट
५आर४ राहणार, ब्लीडर बदलणार, एचटीला वेगळा स्विच लावणार. स्विचपुरतं सोल्डरगनचं खरं.

सोल्डरगन
ठेवा. ५आर४ गेला की नवा शोधत मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिराल, तेव्हा डायोडचं पाकीट मी पाठवीन. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).