मदत हवी आहे: लालबागच्या जुन्या गिरणीचे नकाशे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (म्हणजे मागावर कापड विणायच्या विभागात) होते, १९८२ च्या संपापर्यंत. आता तिथे फक्त चिमणी आणि करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेली एक शेड उरलीय. त्या छपराच्या काचा मुद्दाम उत्तरेकडे ठेवलेल्या, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि कापडातला दोष लगेच दिसतो, काय डोकं लावलंय बघा! बिडाचे खांबपण अजून शाबूत आहेत, त्यांच्यावर ओतलेली अक्षरं आहेत पण रंगाच्या थरांखाली नीट वाचता येत नाहीत. पाडापाडी व्हायच्या आधी सगळं मोजून, फोटो काढून ठेवायचंय. मूळ नकाशे महापालिकेत मिळतील की पुराभिलेखागारात, अर्ज कसा करायचा? कुणी आर्किटेक्ट असेल किंवा गिरणगावातलं जुनं माणूस, तर प्लीज सांगा.