“कागदाने डोंगर चढता येत नाही” म्हणणाऱ्यांना

कातळवेडी

वरच्या शीर्षकाची एक पोस्ट दोन दिवस सगळीकडे फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: प्रमाणपत्रं, मानकं, ऑडिट हा सगळा बाजार आहे, खरा लीडर डोंगरातच घडतो, आणि ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं. खाली शाबासक्यांची रांग लागलीय. वाचून डोकं इतकं तापलं की दोन ओळींत भागणार नाही.

स्वतःच्या जिवावर एकट्याने चढणाऱ्याबद्दल कोणी हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. इथे विषय पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्यांचा आहे. पैसे भरणाऱ्याला अँकर (दोर जिथे बांधतात तो आधार) बरा की वाईट ते कळत नाही, आणि कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आडवा पडला की त्याची ताकद २० वरून ७ किलोन्यूटनवर (एक म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार) येते हेही त्याला माहीत नसतं. तो फक्त भरवसा ठेवून येतो. मग “मला वीस वर्षांचा अनुभव आहे” हे वाक्य तपासायचं कोणी? चुकीची गाठ मारत वीस वर्षं काढता येतात, कारण तेवढ्या काळात तिच्यावर एकदाही जोराचा झटका बसलेला नसतो.

लाइम बे आठवतंय ना? मार्च १९९३, इंग्लंडचा दक्षिण किनारा. शाळेच्या मुलांना कयाकमधून समुद्रात नेलं आणि चौघं गेली. सोबतचे दोन्ही प्रशिक्षक स्वतःच कयाकिंगच्या पहिल्या पायरीवर होते. त्याहून संताप येतो तो आणखी एका गोष्टीचा. आधीच्या प्रशिक्षकांनी काही महिन्यांपूर्वी केंद्राच्या मालकाला लेखी बजावलं होतं की सुरक्षेची व्यवस्था सुधारा. पत्र पडून राहिलं. पुढे मालक तुरुंगात गेला, १९९५ मध्ये कायदा झाला आणि मुलांना अशा उपक्रमांना नेणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. त्याला “बाजार” म्हणायची हिंमत त्या मुलांच्या आईबापांसमोर कोणी करेल का?

आणि हो, त्या पोस्टच्या फोटोत लीडरच्या हार्नेसची (कमरेला बांधायच्या पट्ट्याची) बिले लूप, म्हणजे पुढची दोर जोडायची पट्टीची कडी, पांढरी पडलीय, कडेचे तंतू बाहेर आलेत. लेबल पार पुसलं गेलंय.

जुनागडी

पोस्ट माझी नाही, पण तिच्या प्रत्येक शब्दाशी सहमत.

ताई, तुम्ही ज्यांच्या पोटावर पाय देताय ते कोण आहेत ते सांगतो. एका घळीत आम्ही उतरत होतो. वर आकाश निळं, पाणी घोट्याएवढं. पुढे चालणारा म्हातारा एकदम थांबला. पाण्यात काटक्या आणि सुकी पानं यायला लागली होती, रंग जरा गढूळ झाला होता. त्याने काही समजावून सांगितलं नाही, एकेकाचा दंड धरून कडेच्या कातळावर चढवलं. थोड्या वेळाने आम्ही उभे होतो तिथून छातीभर पाणी गेलं. त्या माणसाला धड सही करता येत नव्हती. तुमची परीक्षा आली की पहिला तोच बाहेर जाणार, आणि त्याच्या जागी येणार शहरातला पोरगा, ज्याच्या गळ्यात कार्ड आहे पण ज्याने ती घळ पावसात कधी बघितलेली नाही.

सॅक्सेटबाख विसरलात वाटतं. स्वित्झर्लंड, जुलै १९९९, कॅन्यनिंग, म्हणजे घळीतून पाण्यासोबत खाली उतरणं. वरच्या बाजूला वादळी पाऊस झाला, लोंढा आला, २१ जण गेले. त्यात ३ गाइड होते. ज्या देशात गाइडचा धंदा शंभरहून जास्त वर्षं चाललाय तिथली ही गोष्ट. काय केलं तुमच्या मानकांनी?

ओलीदोरी

जुनागडी, उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. स्वित्झर्लंडमध्ये शिस्त होती ती पर्वतातल्या गाइडांना. कॅन्यनिंगसारख्या व्यावसायिक उपक्रमांसाठी देशपातळीवरचा कायदा तेव्हा नव्हताच, तो लागू झाला २०१४ मध्ये. आणि सॅक्सेटबाखच्या खटल्यात सहा जण दोषी ठरले ते निष्काळजीपणासाठी.

मी नदीवर काम करतो. राफ्टिंग. आमच्याकडे एका खडकावर रंगाची खूण होती, पाणी तिच्यावर गेलं की बोट सोडायची नाही. एका सकाळी खूण बुडालेली. मालकाचा फोन: “गाडी निघालीय, माणसं परत पाठवू नकोस, तू अनुभवी आहेस, काढशील.” तू अनुभवी आहेस! हेच वाक्य वापरून माणसाला मरायला पाठवतात. मी बोट सोडली नाही. पुढच्या आठवड्यापासून मला काम नव्हतं. ती खूण कुठल्या नियमात लिहिलेली असती तर फोनवर मी नियम दाखवला असता. तशी ती फक्त माझी भीती ठरली.

मानसी_त

सगळे लीडरच्या मागे लागलेत. येणाऱ्या मंडळींचं काय? मी ग्रुप नेते. फॉर्ममध्ये दमा, रक्तदाब, मागची शस्त्रक्रिया, सगळं विचारते. सगळीकडे “नाही”. मग अर्ध्या चढावर गृहस्थ छातीवर हात ठेवून बसतात आणि बायको सांगते की ते हृदयाच्या गोळ्या घेतात, “तुम्ही न्यायला नकार द्याल म्हणून लिहिलं नाही.” त्यांना खाली आणायला अंधार पडला. माझ्याकडे रानावनातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे, सत्तर-ऐंशी तासांचा कोर्स, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. त्या माणसाने एक शब्द खरा लिहिला असता तर त्यातलं काहीच लागलं नसतं. लीडरचं कार्ड मागणाऱ्यांनी आधी स्वतःचा फॉर्म खरा भरावा.

शून्यगुरुत्व

चर्चा चांगली चाललीय, पण त्या हार्नेसवरून कातळवेडींनी जे सुचवलंय ते चुकीचं आहे. हार्नेस १५ किलोन्यूटनला तपासतात, म्हणजे जवळजवळ दीड टन वजन. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा भार येत नाही. चार तंतू निघाले म्हणून माणूस पडत नाही. दहा वर्षांनी न वापरलेला हार्नेससुद्धा फेकून द्या म्हणणाऱ्या कंपन्यांचा हेतू उघड आहे.

कातळवेडी

शून्यगुरुत्व, टॉड स्किनर हे नाव ऐकलंय? ऑक्टोबर २००६, अमेरिकेतलं योसेमिटी, लीनिंग टॉवरचा कडा. आयुष्य भिंतींवर घालवलेला माणूस. रॅपल करताना बिले लूप तुटली आणि गेला. ती झिजलेली आहे हे त्याला माहीत होतं, नवा हार्नेस मागवलेलाही होता. १५ किलोन्यूटन हा आकडा नव्या हार्नेसचा असतो, फोटोतल्या नाही.

शून्यगुरुत्व

तेच म्हणतोय! स्किनरची लूप झिजून तुटली, म्हातारी होऊन नाही. एकाच जागी स्लिंग (पट्टीचा फास) घट्ट अडकवून ठेवल्याने तिथेच घासत राहिली. वय आणि झीज यात गल्लत करू नका. चांगला ठेवलेला बारा वर्षांचा हार्नेस हा रोज भाड्याने जाणाऱ्या एका वर्षाच्या हार्नेसपेक्षा शंभर पटीने बरा. लेबलवरची तारीख बघून सुरक्षा ठरवणारे लोक कापडाकडे बघत नाहीत, हीच खरी गोची आहे.

ओलीदोरी

आणि भाड्याचा हार्नेस कुठे कुठे फिरलाय ते कोणाला माहीत असतं? गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडला होता का, कोणी सांगेल? आम्लाने नायलॉन आतून खलास होतं आणि वरून दिसत काहीच नाही. त्यासाठीच तारीख हवी. जिथे इतिहास माहीत नाही तिथे तारखेशिवाय हातात दुसरं काय असतं?

शून्यगुरुत्व

तारखेवरून आम्लही कळत नाही. उगाच शास्त्रीय आव आणू नका. तुम्ही पाण्यावरचे, तुम्हाला हार्नेसचं काय?

ओलीदोरी

पाण्यात अडकलेल्या बोटी आम्ही दोर आणि अँकर लावूनच ओढतो. तुमचा सूर जरा खाली आणा.

जुनागडी

मूळ प्रश्न राहिला बाजूला आणि तुम्ही कापडाचा किस काढताय. मी असा कार्डवाला पाहिलाय ज्याने कातळातले दोन बोल्ट एकमेकांपासून लांब असताना आखूड स्लिंग ताणून अँकर केला. स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन १२० अंशांहून जास्त. म्हणजे प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजनापेक्षाही जास्त भार. मी म्हटलं लांब स्लिंग घे, तर मला म्हणतो, “मी कोर्स केलाय.” या उर्मटपणाचं मानक कुठे असतं?

हिमरेषा

जुनागडींच्या बाजूने एक भक्कम गोष्ट. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. ओळखीच्या उतारावर प्रगत प्रशिक्षण घेतलेले गटसुद्धा अडाणी गटांइतकाच धोका पत्करत होते. ओळखीचा रस्ता, पुढे कोणाची तरी पावलं उमटलेली, ग्रुपसमोर माघार घ्यायची लाज: या गोष्टी शिकलेल्या माणसालाही खेचून नेतात. कोर्सने डोळे उघडतात, पाय थांबतीलच असं नाही.

पण याच अभ्यासातून जुनागडींनाही उत्तर मिळतं. “ही घळ मी हजारदा उतरलोय” हा अनुभव म्हणजे नेमका तोच सापळा.

कातळवेडी

हिमरेषांचं म्हणणं मला आवडलं नाही, पण मान्य करावं लागतंय. कार्ड म्हणजे विवेक नव्हे. ठीक.

पण अनुभवाचंही तेच. लिन हिल, त्या काळातली जगातली आघाडीची चढणारी. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये ब्युऊच्या कड्यावर हार्नेसची गाठ अर्धवट राहिली आणि ती तशीच वर गेली. उतरताना दोरावर वजन टाकलं आणि सुमारे २२ मीटर खाली आली. झाडावर आदळली म्हणून वाचली. तिला गाठ येत नव्हती असं कोण म्हणेल? उपयोगी पडली असती ती एकच गोष्ट: निघण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने गाठ हाताने चाचपून बघणं. त्याला कौशल्य लागत नाही, सक्ती लागते. मी सक्तीबद्दलच बोलतेय.

न्यूझीलंडमध्ये एप्रिल २००८ मध्ये मांगाटेपोपोच्या घळीत पूर आला, सहा विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक गेले. त्यानंतर २०११ मध्ये तिथे नियम आले ते कंपनीची तपासणी करणारे. हवामान कोण बघतं, रद्द कोण करतं, मदत कशी बोलावतात, हे बाहेरचा माणूस येऊन तपासतो. आयएसओ २११०१ हे साहसी पर्यटनाच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही लीडरच्या गळ्यातल्या कार्डाचं नाही, संस्थेच्या कारभाराचं आहे. जुनागडी, तुमच्या म्हाताऱ्याच्या पोटावर यात कुठे पाय येतो ते दाखवा.

पहिलीवेळ

मी या क्षेत्रातला नाही, मुलीला कॅम्पला पाठवायचंय म्हणून वाचतोय. एवढं वाचून घाबरलोय. विचारू काय आणि कोणाला?

मानसी_त

“मागच्या वर्षी कोणती सहल रद्द केली आणि का?” हे विचारा. खरं काम करणारा लगेच प्रसंग सांगेल. “आमचं कधी रद्द होत नाही” असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. मदत लागली तर किती वेळात पोचते, लीडर आणि सगळ्यांच्या मागे चालणारा माणूस कोण, हेही विचारा. आणि मुलीच्या तब्येतीबद्दल सगळं लिहा. सगळं.

शून्यगुरुत्व

आणि हार्नेस हातात घेऊन बघा. बिले लूप चिमटीत धरून वाकवा, गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघा. तंतू उसवलेले, कडक झालेला भाग, रंग उडालेला पट्टा, शिवण सुटलेली: काहीही दिसलं तर दुसरा मागा. तारीख विचारा, हेही म्हणतो, ओलीदोरींच्या समाधानासाठी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामानाची वही मागा. कुठला हार्नेस कधी घेतला, किती वेळा बाहेर गेला. ती वही असेल तर तारखेवर भांडायची वेळच येत नाही.

ओलीदोरी

वहीचं बोललात ते पटलं. आधीच बोलला असतात तर बरं झालं असतं.

जुनागडी

कंपनी तपासणार असाल तर माझी हरकत कमी होते. संपली म्हणत नाही. बाहेरून येणारा तपासनीस कागदच बघणार, आणि कागद रंगवण्यात या कंपन्या पटाईत असतात. म्हाताऱ्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर त्याच्या घळीत घ्या, त्याच्या बोलीत घ्या, लेखी नको. फी कंपनीने भरायची, त्याने नाही.

कातळवेडी

फी कंपनीने भरायची, शंभर टक्के मान्य. म्हाताऱ्याला परीक्षक म्हणून बसवा, त्याहून उत्तम. काटक्या दिसल्या की बाहेर पडायचं, हे त्याचं शहाणपण त्याच्या डोक्यातच का राहावं? ते त्या घळीच्या नियमात पहिल्या ओळीत लिहिलेलं हवं, म्हणजे उद्या नव्या पोरालाही ते पाळावं लागेल. लेखी मर्यादेवर मात्र मी हटणार नाही.

जुनागडी

लिहा. पण खाली सही मालकाची घ्या, लीडरची नको. ओलीदोरींना फोन करणारा जो होता ना, त्याची.