मदत हवी आहे: फ्रीलान्सिंगनंतर नोकरी, रिलिव्हिंग लेटरऐवजी काय द्यायचं?

नमस्कार मंडळी. ४ वर्षं नागपुरातूनच फ्रीलान्स सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. आता मिहानमधल्या एका कंपनीची ऑफर आहे. पगार ठरला, पण एचआर मागच्या ३ वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा कंपनीचा दाखला) आणि रिलिव्हिंग लेटर (आधीच्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र) मागतंय. फ्रीलान्सरकडे ते कुठून असणार? आयटीआर-४ (कलम ४४एडीएखाली अंदाजित उत्पन्नावर भरलेलं आयकर विवरणपत्र), २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचा सरकारी तपशील), इन्व्हॉइस, बँक स्टेटमेंट सगळं पाठवलं. पण २६एएसमध्ये भारतातल्या क्लायंटनी कापलेला कर (टीडीएस) तेवढा दिसतो, परदेशी क्लायंटचं काम दिसत नाही, आणि गाडी तिथंच अडलीय. दोन परदेशी क्लायंटपैकी एकाने कामाचं पत्र दिलं. दुसऱ्याची कंपनीच बंद झाली. फ्रीलान्सिंगआधीच्या नोकरीचा यूएएन (पीएफचा क्रमांक) आहे. आईमुळे नागपूर सोडता येणार नाही, म्हणून ही ऑफर मला खरंच हवी आहे.

बंद झालेल्या क्लायंटच्या कामासाठी तुमच्या पडताळणीत नेमकं काय चाललं: करारपत्र, बँकेचं एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचं पत्र) की सीएचं प्रमाणपत्र?