मदत हवी आहे: अभिरूप विधानसभेतले दोन प्रवेश अडलेत

मंडळी, जळगावात पदवीच्या मुलांची अभिरूप विधानसभा बसवायची आहे. धुळे-नंदुरबारकडे कुणी बसवली असेल तर जरूर सांगा.

पहिला प्रवेश घटनादुरुस्तीचा. जीएसटीच्या 101व्या दुरुस्तीला कलम 368(2)प्रमाणे निम्म्या राज्यांचं अनुसमर्थन (विधिमंडळांनी ठरावाने दिलेली संमती) लागलं. आपल्या विधिमंडळाचा ठराव ऑगस्ट 2016मधला. मुलं हटकून इथेच घसरतात. दोनतृतीयांश मतं मागतात (ती संसदेत लागतात, इथे साधं बहुमत पुरतं) आणि थेट विधेयकालाच उपसूचना (मजकुरात बदल) देतात. आमदाराला त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. हो म्हणा नाहीतर नाही. मग भाषणाला धार कशाची? राज्यसूचीतली (घटनेतली राज्यांच्या विषयांची यादी) 52वी नोंद, स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावरच्या कराची, गेली, म्हणजे जकातीचा आधारच गेला. पालिकांच्या उत्पन्नाचं काय, हा मुद्दा घ्यायचा विचार आहे. त्या ठरावावरच्या चर्चेचा छापील वृत्तांत कुणाकडे आहे का?

दुसरा नेमणुकीचा. अमेरिकी सिनेटसारखं (तिथलं वरिष्ठ सभागृह) नेमणुकांना मंजुरी देणारं मतदान आपल्याकडे नाही. लोकसेवा आयोगाचे सदस्य राज्यपाल नेमतात, सभागृहाची मंजुरी लागत नाही. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत मात्र मुख्यमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नामनिर्देशित केलेले एक मंत्री. म्हणजे 2 विरुद्ध 1 ठरलेलंच! मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता बसतो. अशा बैठकीच्या इतिवृत्तात भिन्नमत कसं लिहितात? नमुना हवाय, दोन ओळींचाही चालेल.